सहा पॉइंट चार

मानवतच्या सरकारी दवाखान्यात
खिडकी नंबर तीनच्या मागं माझं टेबल.
इथून जिनिंग दिसत नाही, पण रुई येते,
काचेच्या पट्ट्यांवर बसते.
मी फुंकर घालतो अन् पुढचं नाव पुकारतो.

मैना साळुंके. वय चौदा महिने.

तिच्या आईला मी आधी ओळखलंच नाही.
ओळखले ते हात.
पाथरी रोडच्या लिंबाखाली
नवरा सांडशीत लाल विळा धरून बसतो
आणि घण घालते ती, झुंबर.
घिसाड्याच्या पालात घण बाईचाच.
पोळ्याच्या आधी आमची खुरपी तिनंच पाजवली होती,
पाण्यात बुडवली तेव्हा चर्र झालं
आणि पाठीला बांधलेलं काहीतरी हललं होतं.

ते हे लेकरू.
रडतही नाही धड.
रडायलासुद्धा अंगात काही लागतं.

डॉक्टरीण बाईंनी खालची पापणी अलगद ओढली.
आत लाल असायला हवं, निदान गुलाबी.
मला वाटलं, इथंही रुई येऊन बसलीय.

"काय खाती?"
"खाती की. चहात खारी बुडवून देते. म्हशीचं दूध पिती.
अन् कोळसा."
जरा हसली, मग पदर तोंडावर धरला.
"भट्टीतला इझलेला कोळसा, चुलीची माती.
दुसऱ्यांची लेकरं भिंती चाटत्यात म्हणं,
आमाला भिंतच न्हाई."

बोट टोचलं.
थेंब यायला वेळ लागला,
आला तो पाणी घातलेल्या शाईसारखा.
मशीननं थोडा विचार केला आणि दाखवलं
सहा पॉइंट चार.

"काय कमी हाय तिला?"
"लोह," मी म्हणालो.
तिला कळेना. म्हणून सोपं केलं:
"लोखंड."

ती माझ्याकडं बघतच राहिली.
"थट्टा करता का भाऊ गरिबाची?"

कारण पालापुढं ढीग असतो तिच्या:
फाळ, पहारी, ट्रकचे मोडके पाटे, बैलगाडीची धाव.
पदराला वास लोखंडाचा, भाकरीला वास लोखंडाचा,
अंगावर पाजताना लेकराच्या केसांत
घणाखालचा काळा भुसा.
तिला कसं सांगावं
की ढिगातून रक्तात जायला वाट नसते,
की मैना पोटात होती तेव्हा तुझ्याच अंगात शिल्लक नव्हती,
की जे थोडं पोटात जातं
ते चहा अडवून धरतो?
मी एवढंच म्हणालो, "चहा बंद.
औषध थेंबानं, वर लिंबू पिळलेलं वरण."
पाळी पुढच्याची होती.

आठव्या दिवशी ती खिडकीशी उभी.
"भाऊ, काळं होतंय लेकराला. डांबरावाणी.
सासू म्हणती, औषध फेक, आतून जळालं पोर."
"मग? फेकलं?"
"फेकीन कशी? कीट हाय ते.
भट्टीत कीट निघतंयच की,
त्याबिगर लोखंड साफ व्हत न्हाई."

खरं तर तसं नसतं.
जे अंगी लागलं नाही तेच तसं काळं बाहेर पडतं.
पंधरा वर्षं मी या टेबलावर आहे,
किती बाटल्या याच काळ्या रंगाच्या भीतीनं
उकिरड्यावर गेलेल्या पाहिल्यात.
मी तिला दुरुस्त केलं नाही.

महिन्यानं आठ पॉइंट एक.
त्या दिवशी मैनानं सुई पाहिली
आणि केसपेपरच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला,
माझ्या अंगठ्याला चावली.
चार दात. बारीक, औषधानं काळवंडलेले.
झुंबर ओशाळली. "लई द्वाड झाली," म्हणाली.
मी अंगठा बराच वेळ धुतला नाही.

मग लिंबाखाली नुसती राख.
कुणी म्हणतं सेलूकडं गेले, कुणी जिंतूरच्या बाजाराला.
कार्डावर तिसरा रकाना कोरा आहे,
सहा बाटल्यांतल्या दोनच दिल्यात मी.
आशाताईंना सांगितलंय, तिकडच्या आशांना फोन करतात.
अजून पाल सापडलं नाही.

घरची खुरपी बोथट झालीय.
बायको म्हणते, गावात वेल्डिंगवाला आहे, आणा पाजवून.
आणीन, म्हणतो.
थांबलोय.